घाडीमामांच्या पोटावरची शपथ

सीताराम घाडींच्या लिव्हरची बातमी आमच्या चाळीत मी फोडली. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मामांविषयी चांगलं लिहिताना ही गोष्ट कुठल्या तरी परिच्छेदात गुंडाळून ठेवण्याचा मला मोह होईल. मी परळच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करत असे. डॉक्टर बोलत, मी टाइप करी. तिथे टाइप झालेलं तिथेच राहिलं पाहिजे, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी बजावलं होतं आणि सोळा वर्षं मी ते पाळलं. लालबागच्या निम्म्या लोकांचे मुतखडे मला ठाऊक होते, पण कुणाच्या खड्याविषयी मी कधी अवाक्षर काढलं नाही. घाडीमामांविषयी काढलं, आणि तेही चुकीचं.

मामांची ओळख त्यांच्या पोटापासून करून द्यावी लागते, कारण दारात मामांच्या आधी ते येत असे. ते जिना चढत असले की खाली उतरणारा माणूस वरच्या मजल्यावर थांबून राही. मूळचे मालवणकडचे. मिलमध्ये कापड विणणाऱ्या साच्यावर कामाला होते, माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, शेजारच्या साच्यावर. संपानंतर मिल उघडली नाही. तेव्हापासून मामा लालबागच्या मसाला गल्लीत, मिरची कांडणाऱ्या डंकावर पोती उचलू लागले. अंगाला मिरचीचा इतका वास की ते दाराशी आले की आमची मांजर शिंकत असे.

शपथेचा प्रघात संपातच पडला. संपाला वर्ष उलटून गेलं होतं. मी अठरा वर्षांचा होतो. अप्पा सकाळी मिलच्या गेटवर जाऊन परत येत आणि दुपारी गुत्त्यावर जात. परत येत ते कुणीतरी आणून सोडल्यावर. एका सकाळी आईने त्यांना हाताला धरून मामांच्या खोलीत नेलं. मामांसमोर, देवाच्या तसबिरीवर हात ठेवून त्यांनी शपथ घ्यावी, असं तिचं म्हणणं होतं.

मामा म्हणाले, "वहिनी, ह्या तसबिरीवर ह्यानं तीनदा हात ठेवलान. देवाकडे आता जागा नाय. हयसर ठेव, मेल्या." आणि त्यांनी बनियन वर केलं.

अप्पांनी हात ठेवला. मामांनी शब्द सांगितले आणि अप्पांनी ते म्हटले: "जे घाडीच्या पोटात जात नाही, ते माझ्याही पोटात जाणार नाही."

ही शपथ टिकली. कशी टिकली, हे अप्पांनी मला पुढे सांगितलं. देवाची तसबीर रोज सकाळी नळावर भेटत नाही. घाडीचं पोट भेटतं, बादली घेऊन.

त्या वर्षी आणि पुढच्या काही वर्षांत एकतीस माणसांनी त्या पोटावर हात ठेवला. मामा गुत्त्याच्या दारात नुसते उभे राहत. आतून येणाऱ्याला आणि बाहेरून जाणाऱ्याला, दोघांनाही वाट नसे. मामा स्वतः दारूच्या थेंबाला शिवले नव्हते. तीर्थ घेतानासुद्धा आधी हुंगून बघत. आईने त्या वर्षी त्यांना राखी बांधली आणि ते माझे मामा झाले. तेव्हापासून त्यांच्या तोंडची 'वहिनी' आईला 'बाय' झाली.

शपथेला वर्ष झालं तेव्हा आईने मामांना जेवायला बोलावलं. कोंबडी-वडे. ते पाहून दुसऱ्या घरानेही बोलावलं, आणि मग रिवाजच पडला. ज्या दिवशी नवऱ्याने शपथ घेतली, दर वर्षी त्या दिवशी मामांना जेवण. एकतीस घरांची एकतीस जेवणं. पण बायकांचं तेवढ्यावर भागेना. नवरा शुद्धीवर घरी येतो, या आनंदात कुणी सोमवारी घावन पाठवी, कुणी शुक्रवारी खरवस. मामांनी कधी काही परत पाठवलं नाही आणि पानात काही टाकलं नाही. संपात त्यांच्या घरी आठ-आठ दिवस पेज आणि सुक्या बांगड्याचा वास, एवढंच जेवण होतं. बांगडा एकच, तो रोज फक्त भाजायचा. "पानावरसून अर्ध्या पोटी एकदा संपानं उठवलान," ते म्हणत. "आता दुसरो कोण उठवूचो नाय."

अशी पंचवीस वर्षं गेली. मामा जिन्यात मावेनासे झाले. दवाखान्यातला वजनकाटा एकशेवीसला संपायचा, म्हणून मामा डंकावरच्या मिरचीच्या काट्यावर उभे राहत. मालक वजन किलोत सांगत नसे. "घाडी, तीन पोती मिरची आणि वर धण्याची गोणी," असं सांगे. साखरेचा आजार झाला, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकू लागला. शेवटी त्यांची मुलगी सुलभा त्यांना आमच्याच सेंटरला घेऊन आली.

डॉक्टरांनी प्रोब फिरवला आणि मला सांगितलं: लिव्हर वाढलेलं, फॅटी लिव्हर, ग्रेड तीन. मी टाइप केलं. आमच्या भागात लिव्हर हा शब्द एकाच आजारासाठी माहीत होता. संपानंतर पिऊन पिऊन गेलेली माणसं आम्ही पाहिली होती, पिवळे डोळे आणि फुगलेलं पोट. "लिव्हर गेलं," एवढंच लोक म्हणत. पुढे कुणी काही विचारत नसे. रिपोर्टात दारूचं नाव कुठेही नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र दारूशिवाय काही नव्हतं.

डॉक्टर शेजारच्या खोलीत बसले होते. मी उठून विचारायला हवं होतं. मी घरी गेलो आणि जेवताना आईला हळूच म्हणालो, "मामांचं लिव्हर गेलंय. चोरून पीत असणार. कुणाला बोलू नकोस."

आई कुणाला बोलली नाही. पण आमची खोली दहा बाय बाराची, आणि कपाटाच्या पलीकडे अप्पा पडले होते. ते उठले, शर्ट घातला, चपला शोधल्या.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"घाडीच्या पोटात जाते ना? मग करार संपला. आधी समोरच्या पार्टीने मोडलाय, आम्ही नाही."

अप्पा संपात युनियनचे खंदे कार्यकर्ते होते. त्यांना कलम सापडलं की ते कुणाचं ऐकत नसत. तासाभराने परत आले ते कापडी पिशवी घेऊन. वर कोथिंबीर, खाली क्वार्टर. पंचवीस वर्षांनंतर प्यायला बसायचं, तर ग्लास कुठला घ्यायचा हेही त्यांना कळेना. शेवटी माझ्या मुलीचा, सशाचं चित्र असलेला, प्लास्टिकचा ग्लास घेतला.

करार संपल्याची बातमी अप्पांनीच मजल्यामजल्यावर नेली. आठवड्याभरात अप्पा धरून नऊ म्हातारे मोकळे झाले. बाकीचे बावीस डळमळत राहिले. तिसऱ्या मजल्यावरचा गणपत शेलार तर मामांच्या दारात जाऊन उभा राहिला. मी नळावर होतो, मला सगळं ऐकू आलं.

"घाडी, माझी शपथ परत दे."

"काय देऊ?"

"शपथ. फुकट पाळली बावीस वर्षं. तू आतल्या आत मारत होतास आणि आम्ही कोकम सरबत पीत होतो."

मामांनी कपाळावरचा घाम पुसला. काहीतरी बोलतील असं वाटलं. पण ते आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मामांचं दार दिवसा लोटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, म्हणून चाळीने ते हो धरलं. मीही धरलं.

पुढच्या महिन्यात सुलभाने त्यांना वजनाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. मामांनी मला बरोबर बोलावलं. "तुका रिपोर्ट वाचता येतत," ते म्हणाले. मी गेलो, कारण न जायला कारण सापडलं नाही.

डॉक्टर बाई होत्या, तरुण आणि बोलायला सरळ. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाची पिशवी दुर्बिणीने कापून केळ्याएवढी अरुंद करायची. भूक कमी होते, वजन उतरतं, साखर उतरते, आणि लिव्हरमधली चरबीही उतरते. पण आधी दोन आठवडे फक्त पातळ खायचं. लिव्हर चरबीने इतकं फुगलंय की ते पोटावर आडवं पसरलंय, जरा आकसल्याशिवाय खाली हत्यार जाणार नाही.

"बाय माझे," मामा म्हणाले, "पोट गेल्यावर शपथा खंय ठेवू?"

बाईंना काही कळलं नाही. सुलभाने कपाळाला हात लावला.

मग बाईंनी विचारलं, "दारू?"

"नाय."

"कधीच नाही?"

"कधीच नाय."

बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. इतक्या सहज. "मग हे खाण्याचं आणि साखरेचं आहे," त्या म्हणाल्या. "दारूला न शिवणाऱ्या कितीतरी लोकांचं लिव्हर असं होतं. तुमचं अजून वेळेत आहे. मात्र भेंडी जून होते ना, तसं ते जून व्हायला लागलंय. पूर्ण जून झालं की परत कोवळं होत नाही. ऑपरेशनात लहानसा तुकडा काढून तपासू."

मामांनी एकच प्रश्न विचारला. "ऑपरेशनात लिव्हरचो तुकडो काढतास ना तुम्ही? तेच्यात दिसता काय, माणूस पितो का नाय ता?"

"खात्रीने नाही सांगता येत. दारूची चरबी आणि जेवणाची चरबी काचेखाली बरीचशी सारखीच दिसते. ते माणसालाच विचारावं लागतं."

"माका कोणी विचारूक नाय," मामा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर आहाराच्या बाईंनी विचारलं, आठवड्यात काय काय खाता. मामांनी प्रामाणिकपणे सांगायला सुरुवात केली. सोमवारी पवारांकडची घावनं. मंगळवारी तळमजल्यावरून थालीपीठ. पहिलं पान भरलं, मग वर्षाच्या जेवणांनी दुसरं भरलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, ही सगळी माणसं तुम्हाला का खायला घालतात?"

"तेंचे घोव दारू पियत नाय म्हणून."

बाई बराच वेळ हसत होत्या. मामाही हसले. "लोकांचा लिव्हर दारू पिऊन जाता," ते म्हणाले. "माझा लोकांची सोडवून गेला."

मी हसलो नाही. दुसऱ्या पानावर तिसऱ्या ओळीत आमच्या घरचे कोंबडी-वडे होते. परत येताना टॅक्सीत सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं. चाळ आली आणि मी टॅक्सीतून उतरलो.

ऑपरेशन नीट झालं. मामा घरी आले ते ताकाचं पाणी चमच्याने पीत. दोन महिन्यांनी जेवण सुरू झालं, पण एका वेळी एक लहान वाटी. ती वाटी त्यांनी देवघरातून काढली, नैवेद्याची. ज्या घरांतली शपथ अजून उभी होती, तिथली वार्षिक जेवणं चालूच होती, आणि आता तिथे भलतेच प्रसंग होऊ लागले. बाई ताट वाढून आणी, मामा खिशातून वाटी काढत. बायकांची तोंडं उतरत. एक जण तर रडली, म्हणाली आमच्या हाताला चव राहिली नाही. मामांनी तिची समजूत घातली, "गो बाय, देव पण एवढोच जेवता. म्हणून तेचा लिव्हर बरा आसा."

पण मी एकदा पाहिलं आहे. आमच्याकडेच. अप्पांच्या शपथेचा दिवस होळीच्या आदल्या दिवशी येतो. शपथ मोडली होती तरी आईने मामांना बोलावलं. "मोडली ती ह्यांनी, मी नाही," ती म्हणाली. अप्पा फिरायला निघून गेले. मामांनी अर्धा वडा खाल्ला आणि पुढे जाईना. त्यांनी उरलेला अर्धा वडा दोनदा उचलला, दोनदा ठेवला. पानात टाकण्याची त्यांच्यावर आयुष्यात आलेली ती पहिली वेळ होती. शेवटी त्यांनी तो रुमालात बांधला, गॅलरीत नेऊन कावळ्याला घातला आणि कावळ्याने संपवेपर्यंत तिथेच उभे राहिले.

डंकावर दर शनिवारी वजन होई. मालक गल्लीला ऐकू जाईल असं ओरडे, "धण्याची गोणी गेली." मग, "मिरचीतलं अर्धं पोतं गेलं." वर्षाने ते दोन पोत्यांच्याही खाली आले. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. जिन्यात दोन माणसं एका वेळी जाऊ लागली. मात्र दोघांतला दुसरा मामांशी बोलत असेलच असं नव्हतं. त्या नऊ जणांतले बरेच मान खाली घालून जात, गणपत शेलार मान वर करून.

वर्षाची तपासणी आमच्या सेंटरला झाली. डॉक्टर म्हणाले, मी टाइप केलं: लिव्हरचा आकार नॉर्मल, चरबी नाममात्र. त्याच टेबलावर, त्याच मशीनवर. रिपोर्ट घेऊन मामा सर्जन बाईंना दाखवायला गेले. त्या म्हणाल्या, जून होणं थांबलंय. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. हा कागद गणपतला दाखवला तरी तो म्हणाला असता, घाडीने सोडली असेल. लिव्हर साक्ष देणार नव्हतं. साक्ष देणारा एकच होता आणि तो गप्प होता.

मग होळीचा आदला दिवस पुन्हा आला. मामा वाटी घेऊन बसले होते. अप्पा या वेळी घरात होते. भिंतीकडे तोंड करून, पिशवी मांडीखाली घेऊन. मी पानावरून उठलो आणि मध्ये उभा राहिलो.

"अप्पा, मामा पीत नाहीत. कधीच पीत नव्हते. रिपोर्ट चरबीचा होता. मी न विचारता दारूचा समजलो आणि आईला सांगितलं. सगळं माझ्यामुळे झालं."

अप्पा वळले. "म्हणजे करार चालू होता?"

"चालू होता."

"मधे कधी मोडला नव्हता?"

"नाही."

अप्पांनी पिशवीकडे पाहिलं. "म्हणजे दीड वर्ष मी बेकायदा," ते म्हणाले.

मामा शांतपणे वडा कुस्करत होते. "माका म्हायती होता," ते म्हणाले. "त्या खोलीत तू होतंस आणि मशीन होता. मशीन आमच्या चाळीत रवणा नाय."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. नोकरी गेल्यावर माणूस काय करता ता मी बघितलंय. मग तुझी पण शपथ माझ्याच पोटावर." त्यांनी वाटी पुसून घेतली. "तू पण बरोच वेळ काढलंस, झिला."

मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी मला थांबवलं. "हय नाय. आधी आठ दारां फिरून ये. हयचा दार झाला."

मी फिरलो. प्रत्येक दारात तेच सांगितलं. एक म्हातारे म्हणाले, "आता कशाला सांगितलंस? आत्ता कुठे सवय लागत होती." दुसऱ्या घरी बाईने दार माझ्या तोंडावर लावलं, तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. गणपत शेलारने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दीड वर्ष कुठे होतास?" तो चपला घालून माझ्यामागे निघाला.

मामा गॅलरीत स्टुलावर बसले होते. चार वाजले असतील. अप्पा आधीच तिथे उभे होते, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. मामांनी बनियन वर केलं. अप्पांनी जुन्या सवयीने हात बराच अलीकडे, हवेतच धरला. मग तो आत न्यावा लागला.

"घाडी, लांब गेलं रे तुझं पोट."

"हाताक लागलाना? मग बोल."

अप्पांनी शब्द न चुकता म्हटले. मग गणपतने म्हटले. त्याने हात ठेवताना मामांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, काढताना पाहिलं. मागे जिन्यात आणखी पावलं वाजत होती.

मामा आता नाहीत. तीन वर्षं झाली, वयाने गेले. लिव्हरने शेवटपर्यंत त्यांची साथ सोडली नाही. पण त्या दिवशी ते स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते. मी दारू पीत नाही, मला म्हणायला शपथ नव्हती. मी हात ठेवला. कातडी सैल होती, रिकाम्या पोत्यासारखी दुमडलेली, आणि तिच्याखाली ऊब होती.

"हळू," मामा म्हणाले. "आता मधे गादी नाय."

आठ दारांत मी रिपोर्टाचं, ग्रेडचं, लिव्हर या शब्दाचं बरंच बोललो होतो. इथे त्यातलं काही आठवेना.

"मामा," मी म्हणालो, मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मी तुमची गोष्ट बाहेर नेली, खोटी करून नेली, आणि दीड वर्ष गप्प बसलो. माझं चुकलं."